थर्मापिलीला फक्त ३०० जण लढले?

ग्रीसमधल्या थर्मापिलीच्या खिंडीतल्या लढाईबद्दल ‘तीनशे स्पार्टन विरुद्ध अख्खी पर्शियन फौज’ हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. तीनशेचा आकडा खरा आहे, पण तो फक्त स्पार्टा या ग्रीक नगरराज्याच्या नागरिक-सैनिकांचा. इ.स.पू. ४८० मध्ये खिंड अडवायला ग्रीसच्या कितीतरी नगरांतून माणसं आली होती. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या हिशोबाने किमान पाच हजार, आजचे अभ्यासक साधारण सात हजार धरतात.

बरं, शेवटच्या दिवशी तरी? एफिआल्टीस नावाच्या एका ग्रीकानेच डोंगरातली आडवाट शत्रूला दाखवली आणि स्पार्टाचा राजा लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवलं. तरी थेस्पिया या छोट्या गावाचे ७०० जण हटले नाहीत. त्यांचा सेनापती डेमोफिलस. एवढ्याशा गावाने इतके लढवय्ये तिथेच गमावले. पुढे पर्शियन सम्राट झर्क्सीसने त्यांचं गावही जाळलं. थीब्ज या ग्रीक नगराचे ४०० होते, त्यांनी अखेर शस्त्रं टाकली. स्पार्टनांचे हेलोट, म्हणजे वेठबिगार, तेही मेले. त्यांची नावं कोण लिहितो!

खिंडीत लिओनिडासचा पुतळा १९५५ मध्ये उभा राहिला. थेस्पियाच्या वीरांचं स्मारक व्हायला १९९७ उजाडलं.