प्लायवूडची घरगुती होडी

सागरी प्रतीच्या प्लायवूडचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापून, तारेने शिवून आणि इपॉक्सी राळेने (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने) सांधून अंगणात किंवा गच्चीवर बांधलेली, साधारण २ ते ३.५ मीटर लांबीची वल्ह्याची होडी. कोकणातील पारंपरिक होडीत आधी पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, मांडतात, त्याला वांक, म्हणजे बरगड्यांसारखी वाकडी लाकडे, जोडतात आणि मग फळ्या मारतात. या होडीत असा सांगाडा जवळजवळ नसतो. वाकवलेला पातळ प्लाय आणि त्याचे सांधेच सारा भार पेलतात, त्यामुळे तिचे आयुष्य सांध्यांवर आणि कापलेल्या कडांवर ठरते.

शिवून चिकटवण्याची ही पद्धत १९६० च्या दशकाच्या सुमारास इंग्लंडमध्ये केन लिटलडाइक यांनी कयाकसाठी वापरली. पुढे जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ या ३.३ मीटरच्या शिडाच्या होडीमुळे ती घराघरांत पोहोचली. या एका नमुन्याच्या ७० हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या.

कोल्हापूरला नावेची ओळख नदीमुळे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन (पाचवी सरस्वती गुप्त मानतात) वाहणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावांत गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे नेल्याचे दृश्य नवे नाही. उथळ, रुंद आणि सपाट बुडाचे भांडे भार घेऊन तरते, हे येथील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र काहिलीला नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, नसल्याने ती सरळ न जाता गरगर फिरते. घरगुती होडीचा सपाट बुडाचा, पुढे निमुळता होणारा नमुना हा दोष टाळतो, आणि नवख्याने सुरुवात त्याच नमुन्याने करणे शहाणपणाचे आहे. प्लाय कापण्याचे कसब शहरातील फर्निचर करणाऱ्या सुताराकडे असतेच. अडचण त्याच्या सवयींची येते. पांढरा डिंक, खिळे आणि पट्टी मारून झाकलेली कड एवढ्यावर कपाट वर्षानुवर्षे टिकते, पण होडीत तो डिंक पाण्याने मऊ पडतो आणि झाकलेल्या कडेतून ओल आत चढून थर सुटू लागतात.

प्लायवूडमध्ये लाकडाचे विषम संख्येचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात. होडीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय घेतात. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहिले जाते. आठ बाय चार फुटांचा ६ मिलिमीटर जाडीचा प्लाय सुमारे ११ ते १३ किलो भरतो, आणि अडीच मीटरपर्यंतच्या होडीला असे दोन ते तीन प्लाय लागतात. घेताना चारही कडा न्याहाळाव्यात. आतल्या थरात पोकळी दिसली तर शिक्का कोणताही असो, तो प्लाय परत करावा.

बाजू आणि बूड कापल्यावर कडेपासून सुमारे १ सेंटिमीटर आत, वीतभर अंतराने बारीक छिद्रे पाडतात व तांब्याच्या तारेचे टाके घालून पिळतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील तार या कामास चालते. टाके ओढले जातात तसतसा सपाट प्लाय वाकून होडीचा आकार घेतो. या क्षणी कर्णांची लांबी दोरीने मोजून पीळ काढला नाही, तर होडी जन्मभर एका अंगाला ओढते. नंतर आतून सांध्यांत राळेचे सारण भरतात. वखारीतील भुसा मैद्याच्या चाळणीने चाळून राळेत कालवतात, पळी उलटी केली तरी पडू नये इतके, चक्क्यासारखे घट्ट मिश्रण करतात आणि पळीच्याच पाठीने त्याची गोलसर कड ओढतात. त्यावर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून बसवतात; सारण घट्ट झाल्यावर टाके काढून बाहेरचा सांधा घासून गोल करतात आणि तिथेही पट्टी चढवतात. उघड्या कडांना पातळ राळेचे दोन-तीन हात देतात. ऊन राळेला मारक असल्याने शेवटी रंग अनिवार्य ठरतो.

कोल्हापुरात या कामाला दिवाळीनंतरचा कोरडा काळ उत्तम. एप्रिल-मेच्या उकाड्यात खोल मगात ठेवलेली राळ आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडते. पसरट ताटलीत ओतली तर तीच जास्त वेळ पुरते. पावसाळ्यात तिच्यावर मेणचट थर येऊ शकतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. हातमोजे आणि घासताना तोंडाला मास्क आवश्यक आहे, कारण राळेने अंगाला खाज व चट्टे येऊ शकतात.

भाराचा हिशेब सोपा आहे. पाण्यालगत २ चौरस मीटर क्षेत्र असलेली होडी दर २० किलोमागे साधारण १ सेंटिमीटर बुडते. म्हणजे स्वतःचे ३५ किलो आणि दोन माणसांचे १४० किलो धरून ती जेमतेम ९ सेंटिमीटर खाली जाते. हा आकडा फसवा आहे, कारण माणूस उभा राहिला की होडी कलते. बैठकीखाली बंद कप्पे किंवा थर्माकोल ठेवतात, म्हणजे होडी उलटली तरी बुडत नाही. (पॉलिएस्टर राळ थर्माकोल विरघळवते, त्यामुळे तिथे इपॉक्सीच वापरावी.) पुरासाठी ही होडी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे, आणि त्या प्रवाहात वल्ह्याला अर्थ उरत नाही. पहिली चाचणी संथ, उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून घ्यावी. रंकाळ्यासारख्या तलावात उतरवण्याआधी परवानगी काढावी. केंदाळाच्या थरात होडी घालू नये, वल्हे त्यात अडकते आणि सोडवताना माणूस नेमका एका बाजूला झुकतो.

वापरानंतर होडी पुसून, दोन लाकडी ओंडक्यांवर पालथी, वारा खेळेल अशी ठेवतात. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आत दव साचते आणि रंगाखालून कडा काळवंडू लागतात.