पातळ तळ, ओला सडा: गोव्याच्या डोंगरात अनवाणी धाटणीचे बूट

पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या आसपासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा दगड दोन रूपांत भेटतो. पाणी साचून राहतं तिथे त्याच्यावर काळपट शेवाळ चढतं, आणि उतारावर त्याचे वाटाण्याएवढे खडे सुटे होऊन पायाखाली गडगडतात. पहिल्या जागी बुटाचं रबर दगडापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या जागी पोचतं, पण ज्या खड्याला चिकटतं तो खडाच जागा सोडतो. घसरणं तेच, कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे.

अशा वाटांवर हल्ली पातळ तळाचे, बोटांकडे पसरट बूट दिसू लागले आहेत. कुणी त्यांना रामबाण मानतं, कुणी फॅड म्हणून हसतं. या बुटांत तीन गुण असतात: बोटांना मोकळी जागा, टाच आणि चवडा एका पातळीवर, आणि पातळ तळ. यातला सगळ्यात मोलाचा गुण पहिला आहे, आणि चर्चा मात्र सगळी तिसऱ्याची होते. गोव्याच्या पावसाळी डोंगरासाठी त्या तिसऱ्या गुणाबाबत थोडी तडजोड करावी, असं आमचं मत आहे.

२०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून अशा बुटाची, म्हणजे ‘मिनिमलिस्ट’ बुटाची, व्याख्या ठरवली. त्यांनी पाच गोष्टी मोजायच्या ठरवल्या: वजन, लवचीकपणा, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, आणि पाय वळू नये म्हणून बसवलेले आधार. दुकानात ही तपासणी दोन मिनिटांत होते. बूट पुढून गुंडाळून बघा, त्याची वळकटी व्हायला हवी. पिळून बघा, ओल्या कपड्यासारखा पिळला जायला हवा. मग आतलं इनसोल बाहेर काढून त्याच्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर जात असेल, तर तो बूट कितीही ‘रुंद’ म्हणून विकला जात असला तरी तुमचा नाही. ही मापं संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. (सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं.) उतरताना पाय पुढे सरकतो. ही जागा नसेल, तर डोंगर उतरून होईपर्यंत नख काळंनिळं पडतं.

बोटांच्या जागेला इतकं महत्त्व का, हे पायाच्या रचनेतून कळतं. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. पाऊल उचलताना अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि मघापर्यंत सैल असलेलं पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलतं. १९५४ साली हिक्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने ही यंत्रणा ‘विंडलास’ (दोर गुंडाळून ताणणारा रहाट) या नावाने मांडली. निमुळत्या बुटात अंगठा आत दाबला गेला, की हा ताण नीट बसत नाही. आपल्याकडचा एक पुरावाही आहे. राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी २३०० भारतीय मुलांची पाहणी करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सँडल किंवा चपला घालणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. ही पाहणी वाढत्या वयातल्या मुलांची आहे. चाळिशीत पातळ बूट घातल्याने कमान परत येते, असा अर्थ तिच्यातून काढू नये.

पातळ तळाचा खरा फायदा आहे तो माहितीचा. तळव्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंप टिपणारी चार प्रकारची संवेदनाग्रं असतात. खडा हलतोय, दगड तिरका आहे, माती बसतेय ही खबर त्यांच्याकडून मिळाली की घोट्याचे स्नायू लगेच तोल सावरायला लागतात. जाड फोमवर ही खबर पुसट होते. अनवाणी चालून घट्टे पडले की पाय बधिर होतो, असा एक समज आहे. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात केनियातल्या अनवाणी आणि बूट वापरणाऱ्या लोकांचे तळवे तपासले, तेव्हा घट्टा जाड असूनही संवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा कडक असतो, त्यामुळे तो धक्का जिरवत नाही, आतल्या थरांपर्यंत पोचवतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनवाणी पळणारे बरेचदा चवड्यावर उतरतात, हे हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या २०१० च्या अभ्यासामुळे जगभर पोचलं. पण ते पळण्याबद्दल आहे. चालताना माणूस अनवाणी असला तरी टाचच आधी टेकवतो. नवे बूट घालून डोंगरात चवड्यावर चालणारे लोक पोटऱ्यांना विनाकारण शिक्षा देत असतात.

घसरणं आणि रबर

रबर दोन प्रकारे धरतं. कोरड्या दगडाला ते प्रत्यक्ष चिकटतं, आणि दगडाच्या खडबडीत उंचसखलपणात दाबलं जाऊन अडकतं. ओल्या शेवाळावर मधे पाण्याचा आणि बुळबुळीत पेशींचा थर येतो. चिकटणं संपतं आणि शेवाळ दगडाचे खाचखळगे भरून टाकतं म्हणून अडकणंही संपतं. यावर कुठल्याही कंपनीच्या रबराकडे पुरतं उत्तर नाही. शेवाळ टाळायचं, हाच उपाय. जिथे पाणी जोराने वाहतं तिथला दगड बरेचदा खरखरीत असतो, आणि संथ पाण्याच्या कडेचा गुळगुळीत काळा दगड सगळ्यात दगाबाज.

ओल्या पण शेवाळ नसलेल्या दगडावर मऊ रबर आणि जास्तीत जास्त स्पर्श लागतो. तळाला खोल, टोकदार, कडक रबराचे दात असतील तर दगडाला फक्त दातांची टोकंच टेकतात आणि पकड घटते. चिखलात नेमकं उलटं. तिथे दात मातीत रुतायला हवेत, आणि ते एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर लाल माती मधे गच्च बसून तळ सपाट होतो. सत्तरी तालुक्यातल्या किंवा नेत्रावळी अभयारण्याच्या वाटेवर अर्ध्या तासात चिखल, दगड आणि व्हाळ (ओढा) तिन्ही येतात. म्हणून ३ ते ४ मिलिमीटरचे, रुंद डोक्याचे, विरळ दात आणि मऊ रबर ही मधली वाट. दात सोडून तळ ५ ते ६ मिलिमीटरचा असावा. तीन मिलिमीटरचा तळ शहरात छान वाटतो. इथे करवंदीचा काटा आणि तोडलेल्या बांबूचं तिरकं खुंट त्याच्या आरपार जातं. वाळलेल्या काटेरी बांबूची फांदी पानांखाली दडलेली असते, ती तळव्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सुट्या खड्यांच्या उतारावर पाऊल ठेवायची रीतच बदलावी लागते. गुडघे किंचित वाकवून, पाऊल नेहमीच्या निम्म्या अंतरावर, सगळा तळवा एकदम टेकवायचा. वजन टाकण्याआधी क्षणभर पायाने चाचपायचं. खडा हलला तर पाय दुसरीकडे न्यायचा, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. टाच खुपसून उतरायची सवय जाड बुटाने लावलेली असते. पातळ तळात तीच सवय टाचेला ठेचते.

हाडाला वेळ लागतो

पातळ तळाकडे वळताना लोकांची घाई नडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३६ अनुभवी धावपटूंचे दोन गट केले. एकाने दहा आठवड्यांत हळूहळू प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या पातळ बुटांकडे वळायचं, दुसऱ्याने नेहमीचेच बूट वापरायचे. शेवटी एमआरआय काढले, तेव्हा पहिल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दहा आठवडेही अनेकांना अपुरे पडले. असे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत भरलेला खटला २०१४ साली ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला.

यामागे हाडाचं जीवशास्त्र आहे. हाडावर नवा ताण आला, की शरीर आधी जुना भाग कुरतडून काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. स्नायू तोवर तयार झालेले असतात, दमही वाढलेला असतो, म्हणून माणसाला वाटतं की जमलं. नेमका तेव्हाच मोठा ट्रेक ठरतो.

तीन ते चार महिने धरून चालावं. पहिले दोन आठवडे घरात अनवाणी वावर आणि सपाट रस्त्यावर रोज १० ते १५ मिनिटं. मग दर आठवड्याला ५ ते १० मिनिटंच वाढवायची, आणि दर चौथ्या आठवड्याला वाढ थांबवायची. सोबत दिवसाआड पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं: १२ चे तीन संच, वर जाताना दोन मोजत, खाली येताना चार मोजत. एका पायावर सलग २० वेळा विनासायास जमेपर्यंत पाठीवर वजन घेऊन डोंगर चढू नये. टाच सपाट झाल्यामुळे पोटरी आणि तिचा जाड स्नायुबंध जास्त ताणले जातात, तो ताण या व्यायामाने अंगवळणी पडतो. सपाट रस्त्यावर एक तास निवांत जमला, की छोटी कोरडी वाट. पावसाळी वाट त्यानंतर.

पोटरी दुखली तर दोन दिवस थांबावं. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ आली, तर चालणं निम्म्यावर आणावं. मात्र पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, बोटाने दाखवता येईल इतक्या एकाच जागी दुखत असेल, तर ते चालणं तिथेच बंद. ते हाडाला पडलेल्या बारीक भेगेचं लक्षण असू शकतं, आणि पहिल्या काही दिवसांच्या एक्स-रेमध्ये भेग बरेचदा दिसत नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी या बुटांच्या वाटेला जाऊ नये. ज्या माहितीसाठी तळ पातळ करायचा, ती त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि काटा रुतलेला कळणार नाही.

पाणी, जळवा आणि बाकीचं सामान

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा हवेत वॉटरप्रूफ अस्तराच्या बुटांवर पैसे घालवू नयेत. पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि तिथेच डुचमळत राहतं. बाहेरची हवाच दमट, त्यामुळे आतली वाफ बाहेर जायला वाव नाही. जाळीचा बूट भिजतो आणि निथळतो, ते बरं. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. पातळ लोकरी किंवा नायलॉनचे घ्यावेत. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली लावली की चिखल्या कमी होतात. दुपारी जेवताना बूट-मोजे काढून पाय पंधरा मिनिटं तरी सुकवावेत. तळव्याला भेगा किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणं टाळावं. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि अशा फटीतून आत शिरतात. दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ट्रेकबद्दल आवर्जून सांगावं.

जळवांसाठी घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स. साध्या मोज्याच्या विणीतून जळू सहज आत जाते. चिकटलीच, तर मीठ किंवा काडेपेटी नको, ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाजवळ नख सपाट घालून तोंड बाजूला सरकवायचं, मग दुसरं टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत ते गोठू न देणारं हिरुडिन असतं. कापूस दाबून धरला की पुरे.

सापांबाबत मात्र हे बूट काही कामाचे नाहीत. घोट्याखालचे बूट घोणस किंवा फुरशापासून वाचवत नाहीत. पानांच्या ढिगात पाय घालण्याआधी काठी, आडव्या ओंडक्यावर आधी चढून पलीकडे बघणं, आणि अंधार पडला की हेडलॅम्प. दंश झालाच, तर तो अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि थेट इस्पितळ. घट्ट आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही.

काठी दोन असल्या तर उत्तम. व्हाळ ओलांडताना बूट काढायचे नाहीत. ते काढायची चूक अनवाणीप्रेमी हमखास करतात. पाण्याखालचा दगड दिसत नाही आणि थंड पाण्यात तळव्याची जाणीव मंदावते. पिशवीचा कमरपट्टा सोडायचा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, दोन आधार टेकलेले असतानाच तिसरा हलवायचा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर धक्का चौपट. गढूळ पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरावं. अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि दूधसागरला रेल्वेरुळांवरून चालत जायला मनाई आहे.

पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या सुमारे पाचपट महाग पडतं, हे अमेरिकी लष्कराच्या जुन्या मोजमापांतून कळलेलं आहे. हलका बूट दमवत नाही तो यामुळे. पण पातळ तळावर पाठीचं ओझं लगेच जाणवतं, तेव्हा दिवसाच्या ट्रेकला पिशवी शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शात बसवावी. दोन ते तीन लिटर पाणी, ओआरएस, शिट्टी, चिमटा आणि सुई, क्रेप बँडेज, जाड प्लास्टिकमध्ये कोरडे मोजे, आणि दोन मीटर चिकटपट्टी काठीला गुंडाळून.

ती चिकटपट्टी बुटासाठी असते. जाड ट्रेकिंग बुटांचा पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत आपोआप कुजतो, आणि कपाटात चार-पाच वर्षं नव्यासारखा दिसलेला बूट चालायला लागल्यावर पावासारखा कुस्करतो. अनवाणी धाटणीच्या बुटात हा थर बहुधा नसतोच, म्हणून ते या रोगातून सुटतात. त्यांचं दुखणं म्हणजे पुढच्या कडेला सुटणारा गोंद. वाटेत पट्टी गुंडाळून वेळ निभावते. घरी दोन्ही बाजू धुऊन पूर्ण वाळवायच्या, सँडपेपरने खरखरीत करायच्या, निओप्रीनचा गोंद दोन्हीकडे पातळ लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग जोर लावून दाबायचं आणि एक दिवस वजनाखाली ठेवायचं. त्यावर मोच्याकडून कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिवण मारून घ्यावी. बूट वाळवायला चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर हाच गोंद पुन्हा मऊ पडतो. आत रद्दी कोंबायची, दोन तासांनी बदलायची आणि पंख्याखाली ठेवायचे.