सेंट पॅट्रिक दिनाचा हिरवा पेहराव

आयर्लंडचे संरक्षक संत पॅट्रिक यांच्या स्मृतिदिनी, १७ मार्चला, अंगावर काहीतरी हिरवे धारण करण्याची आयरिश प्रथा. आज या दिवशी डब्लिनपासून न्यूयॉर्कपर्यंत टोप्या, सदरे, फिती सगळे हिरवेगार दिसते. पण प्रथेचे मूळ कापडात नसून पानात आहे.

ते पान शॅमरॉकचे, म्हणजे कुरणात उगवणाऱ्या क्लोव्हरच्या कोवळ्या रोपाचे त्रिदल. पाचव्या शतकातील पॅट्रिक यांनी ते हाती धरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच कसा, हे लोकांना समजावले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या स्वतःच्या लेखनात हा प्रसंग नाही. कथा कागदावर आली ती अठराव्या शतकात. पान मिरवण्याची रीत त्याहून जुनी. १६८१ मध्ये टॉमस डाइनली या इंग्रज प्रवाशाने नोंदवले, की या दिवशी सगळ्या थरांतले आयरिश लोक टोपीला क्रूस लावतात, काहींचा तर हिरव्या फितीचा असतो, आणि साधी माणसे शॅमरॉक खोचतात. दिवसभर मिरवलेले पान रात्री शेवटच्या प्याल्यात टाकून संताच्या नावाने तो प्याला रिकामा करायचा, याला ‘शॅमरॉक बुडवणे’ म्हणतात.

राजदरबारी संताचा रंग निळा होता. १७८३ मध्ये ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याने स्थापलेल्या सेंट पॅट्रिकच्या सरदारमंडळाचा पट्टाही निळाच. हिरव्याला वजन आले ते इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांमुळे. १६४० च्या दशकातील कॅथलिक उठावात हिरव्या निशाणावर वीणा झळकली. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ संघटनेने तोच रंग उचलला आणि १७९८ च्या उठावानंतर हिरवी फीत म्हणजे राजद्रोहाची खूण मानली जाऊ लागली. हिरवे घातले म्हणून माणसे फासावर जातात, अशी गाणी तेव्हा रस्तोरस्ती गायली जात. त्यामुळे १९०० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातल्या शौर्याबद्दल, राणी व्हिक्टोरियाने आपल्या सैन्यातील आयरिश सैनिकांना या दिवशी शॅमरॉक लावायला परवानगी दिली, ही घटना लहान मानता येत नाही.

हिरवे न घालणाऱ्याला चिमटा काढायचा, कारण हिरवे घातले की लेप्रिकॉन या खोडकर बुटक्याला माणूस दिसत नाही, ही समजूत अमेरिकेतली. तिला आयरिश वारसा म्हणणे बरोबर नाही. आयर्लंडच्या लोककथांत हिरवा हा टेकड्यांखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांचा रंग. तो घालून त्यांची नजर ओढवून घेऊ नये, असे जुनी माणसे बजावत. जुन्या कथांतल्या लेप्रिकॉनचा कोटही बहुधा लाल असे.

रंगाचा जल्लोष वाढवला तो परदेशी गेलेल्या आयरिशांनी, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्यांनी. शिकागोत १९६२ पासून नदीच हिरवी रंगवतात. खुद्द आयर्लंडमध्ये १९०३ मध्ये सार्वजनिक सुट्टी मिळालेला हा दिवस बराच काळ चर्चची प्रार्थना आणि कोटावर खोचलेला शॅमरॉक एवढ्यावरच भागत असे.