नीना बांग जगातल्या पहिल्या महिला मंत्री?

डेन्मार्कच्या नीना बांग म्हणजे जगातल्या पहिल्या महिला मंत्री, हे वाक्य दर महिला दिनाला फिरतं. ते खरं नाही. त्यांच्या आधी 1917 मध्ये रशियात अलेक्सांद्रा कोलोंताय समाजकल्याण खातं सांभाळत होत्या, आणि 1919 मध्ये आयर्लंडच्या बंडखोर संसदेने काउंटेस मार्केविच यांना कामगारमंत्री केलं होतं. मात्र क्रांती किंवा बंडातून नव्हे, तर रीतसर चालत असलेल्या संसदीय लोकशाहीत मंत्री झालेली पहिली स्त्री हा मान बांगबाईंचाच. 1924 मध्ये पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो: नवऱ्याच्या नावावर पद मिळालं म्हणे! नवरा गुस्ताव इतिहासकार आणि त्यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाचा होता खरा, पण तो 1915 मध्येच वारला. बाई स्वतः इतिहासकार. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंदच्या सामुद्रधुनीतून जाणारं जहाज त्या काळी हेलसिंगोर या डॅनिश बंदरात थांबून डेन्मार्कच्या राजाला जकात भरायचं. त्या जकातीच्या जुन्या वह्यांमधल्या 1497 ते 1660 च्या नोंदींची कोष्टकं त्यांनी तयार केली. कुठलं जहाज, कुठून आलं, काय माल! 1918 मध्ये त्या डॅनिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या. मंत्रिपद त्यानंतरचं.