'असं होणं शक्यच नाही': बीझेड रिअ‍ॅक्शनची पार्श्वभूमी

1951 साली दोन माणसांनी आपापले लेख छापायला पाठवले, एकाने मॉस्कोतून आणि एकाने मँचेस्टरमधून, आणि दोघांनाही एकमेकांच्या कामाचा पत्ता नव्हता. मँचेस्टरचा लेख अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाचा, सजीवांच्या अंगावर नक्षी कशी उमटते यावरचा, तो पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. मॉस्कोचा लेख बोरिस पाव्लोविच बेलुसोव्ह यांचा, तो परत आला. कारण काय, तर असं होणं शक्यच नाही. आज बीझेड रिअ‍ॅक्शन म्हणून जी जगभरच्या लॅबमध्ये करून दाखवतात, जिच्यात द्रावणाचा रंग आपोआप येत-जात राहतो, तिच्यातला 'बी' म्हणजे हे बेलुसोव्ह, आणि मला वाटतं आधी ते 'शक्यच नाही' कुठून आलं ते बघायला हवं, कारण संपादक काही अडाणी नव्हता, त्या काळातले बहुतेक केमिस्ट हेच म्हणाले असते.

बेलुसोव्ह यांचा जन्म 1893 चा. झुरिकमध्ये केमिस्ट्री शिकले, मग बरीच वर्षं सैन्यासाठी विषारी वायू आणि त्यांच्यावरचे उतारे यावर काम केलं. पन्नाशी उलटल्यावर त्यांना क्रेब्ज सायकलचं एक साधं मॉडेल परीक्षानळीत बनवायचं होतं, म्हणजे पेशी जशी सायट्रिक अ‍ॅसिड जाळत जाते तसं काहीतरी, फक्त एन्झाइमच्या जागी धातूचा आयन. म्हणून त्यांनी सायट्रिक अ‍ॅसिड, पोटॅशियम ब्रोमेट आणि थोडं सिरियम या धातूचं मीठ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये एकत्र केलं. द्रावण पिवळं असेल, हळूहळू रंग जाईल आणि विषय संपेल एवढीच अपेक्षा. रंग गेलाही. पण मग परत आला, परत गेला, परत आला, आणि हे ठरावीक वेळाने, घड्याळ लावल्यासारखं होत राहिलं.

आता आक्षेप काय होता? थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो की रिअ‍ॅक्शन आपली आपण एकाच दिशेने जाते, समतोलाकडे, आणि तिथे पोचली की थांबते. पाण्यात पसरलेली शाई परत थेंब होत नाही. मग पिवळं झालेलं बिनरंगी होऊन पुन्हा पिवळं कसं होईल? लोकांच्या डोळ्यासमोर होता लंबक, जो मधल्या बिंदूच्या इकडून तिकडे जातो, आणि रिअ‍ॅक्शन अशी समतोल ओलांडून पलीकडे जाऊन परत येऊ शकत नाही हे शंभर टक्के खरं आहे. चूक होती ती लंबकाची तुलना करण्यात. बेलुसोव्हच्या भांड्यात समतोल ओलांडला जातच नव्हता, तो अजून खूप लांब होता. ब्रोमेट आणि सायट्रिक अ‍ॅसिड सतत संपत चाललेलं असतं, त्यात एकदाही मागे पाऊल पडत नाही, वरखाली होतात ते फक्त मधल्या टप्प्यातले पदार्थ, आणि कच्चा माल संपला की सगळं बंद पडतं. दुसरा नियम कुठेही मोडत नाही.

खरंतर हे पहिल्यांदा दिसलं होतं असंही नाही. 1921 मध्ये अमेरिकेत विल्यम ब्रे यांना हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडेटच्या रिअ‍ॅक्शनमध्ये असंच वरखाली दिसलं होतं, तेव्हा धूळ असेल, अशुद्धी असेल म्हणून लोकांनी सोडून दिलं. बेलुसोव्ह यांनी मात्र आणखी काही वर्षं खपून पुराव्यासकट पुन्हा लेख पाठवला, तोही धड स्वीकारला गेला नाही, शेवटी 1959 मध्ये रेडिएशन मेडिसिनच्या एका संकलनात छोटासा सारांश तेवढा छापून आला, जिथे कुठला केमिस्ट बघायला जाणार? मला याचं फार वाईट वाटतं, कारण रेसिपी त्यात दिलेली होती, कुणीही भांडं घेऊन करून बघू शकला असता.

करून बघितलं ते मॉस्कोचे बायोफिजिसिस्ट सायमन श्नोल यांच्या एका विद्यार्थ्याने, अनातोल झाबोटिन्स्कीने (बीझेडमधला 'झेड' हाच), 1961 पासून. त्याने सायट्रिकच्या जागी मॅलोनिक अ‍ॅसिड घातलं, नंतर फेरोइन हे रंग बदलणारं लोहाचं संयुग वापरलं तर रंग लाल-निळा असा ठळक दिसायला लागला. 1968 च्या प्रागच्या परिषदेनंतर पश्चिमेकडे बातमी गेली, आणि 1972 मध्ये फील्ड, कोरोश आणि नॉयस यांनी आतलं गणित उलगडून दाखवलं. थोडक्यात असं की ब्रोमाइड हा मधल्या टप्प्यातला पदार्थ असेपर्यंत तो लगाम धरून असतो, ब्रोमाइड एका मर्यादेखाली आलं की दुसरा मधला पदार्थ, ब्रोमस अ‍ॅसिड स्वतःच स्वतःला वाढवत सुटतं आणि सिरियम पिवळं होतं, मग तेच पिवळं सिरियम सेंद्रिय अ‍ॅसिडवर तुटून पडून नवीन ब्रोमाइड तयार करतं, आणि लगाम परत ओढला जातो.

हे द्रावण ढवळलं नाही आणि बशीत पातळ थरात ओतलं तर मात्र खरी मजा. 1970 मध्ये झाइकिन आणि झाबोटिन्स्की यांनी दाखवलं की लाल थरात निळे ठिपके उमटतात आणि त्यातून एकात एक वर्तुळं बाहेर पसरत जातात. वणवा कसा पुढे सरकतो तसं समजा. जळून गेलेल्या जागी गवत परत उगवेपर्यंत आग लागत नाही, म्हणून दोन लाटा समोरासमोर आल्या की एकमेकीतून आरपार जात नाहीत, दोन्ही तिथेच विझतात. लाट कुठे मधेच तुटली तर तुटलेलं टोक वळत जाऊन सर्पिल बनतं, आणि असलीच सर्पिलं उपाशी स्लाइम मोल्डच्या (बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या) पेशी एकत्र येताना दिसतात, हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हा हृदयाच्या स्नायूतही विजेच्या लाटा अशाच फिरतात.

बेलुसोव्ह 1970 मध्येच गेले. झाबोटिन्स्कीशी त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. 1980 मध्ये या कामाला सोव्हिएत युनियनचा लेनिन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचं नाव यादीत होतं, ते नव्हते.

आणि ट्युरिंग? त्याचा लेख छापला गेला तरी बरीच वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नाही. त्याचा मुद्दा वेगळा होता, इथे गल्लत होते म्हणून सांगतो: बीझेडच्या लाटा धावतात, ट्युरिंगची नक्षी जागच्या जागी उभी राहते. एक पदार्थ स्वतःला वाढवतो, दुसरा त्याला दाबतो, आणि दाबणारा जास्त वेगाने पसरतो, एवढं झालं की एकसारख्या थरात आपोआप ठिपके किंवा पट्टे पडतात आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरून जातं. एरवी पसरणं म्हणजे सगळं सारखं होणं, इथे पसरण्यामुळेच फरक तयार होतो. रसायनात ही नक्षी प्रत्यक्ष दिसायला 1990 उजाडलं, फ्रान्समध्ये बोर्दोला.

मग 1995 मध्ये जपानच्या कोन्दो आणि असाई यांनी समुद्रातल्या एंजलफिशकडे बघितलं. ट्युरिंगचं बरोबर असेल तर मासा मोठा होताना पट्टे नुसते ताणले जाऊन रुंद व्हायला नकोत, अंतर तेवढंच राहायला हवं. आणि तसंच निघालं. पिल्लू वाढून दुप्पट लांब झालं की जुन्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत नवीन बारीक पट्टा येतो. दुसऱ्या एका जातीत पट्ट्याला जिथे फाटा फुटलाय तो फाटा चेन उघडत जावी तसा महिन्यामहिन्याने अंगावरून सरकत जातो, आणि कॉम्प्युटरवर ट्युरिंगची समीकरणं सोडवली तरी फाटा तसाच सरकतो.