गडद रंग म्हणजे दूषित पाणी नव्हे: सँडविच एलायझा आणि स्पर्धात्मक एलायझा

गर्भधारणा तपासण्याची पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे: एचसीजी हे गरोदरपणातील संप्रेरक असले तर चाचणीची रेघ उमटते, नसले तर उमटत नाही. एलायझा म्हणजे प्रतिपिंडांनी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणाऱ्या प्रथिनांनी, एखादा पदार्थ पकडून रंगावरून तो मोजणारी चाचणी. तिच्या सँडविच प्रकारात दोन प्रतिपिंडे पदार्थाला दोन बाजूंनी धरतात; त्याचे तत्त्व पट्टीसारखेच असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. मात्र पाण्यातील थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने, शोधणाऱ्या एलायझालाही सर्रास तोच नियम लावला जातो, आणि जळगावात विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला दरवर्षी एकच ओळ खोडावी लागते: ‘रंग गडद, म्हणून प्रदूषण जास्त.’

गोंधळाचे मूळ रेणूच्या आकारात आहे. एचसीजी हे सुमारे ३७,००० डाल्टनांचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) प्रथिन असल्याने दोन प्रतिपिंडे त्याला दोन बाजूंनी एकाच वेळी धरू शकतात. डायब्युटिल थॅलेट या एका थॅलेटचा रेणू जेमतेम २७८ डाल्टनांचा. एका प्रतिपिंडाने तो धरला की दुसऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून येथे प्रतिपिंडांसाठी स्पर्धा लावावी लागते; हीच स्पर्धात्मक एलायझा. प्लेटमधील प्रत्येक खाचेच्या तळाशी प्रथिनाला जोडलेले थॅलेट आधीच चिकटवलेले असते आणि त्यावर पाण्याचा नमुना व मोजकी प्रतिपिंडे एकत्र सोडतात. पाण्यात थॅलेट भरपूर असेल तर प्रतिपिंडे त्यातच गुंततात आणि धुताना वाहून जातात. तळाशी थोडीच उरतात, त्यांच्यामागून येऊन त्यांना चिकटणारे, रंग तयार करणारे विकरही (एन्झाइम) थोडेच टिकते, आणि रंग फिका पडतो. शेवटी आम्ल घातल्यावर थॅलेट नसलेली खाच हळदीसारखी पिवळी दिसते, तर सर्वाधिक थॅलेटची खाच जवळजवळ पाण्यासारखी. ४५० नॅनोमीटरवरील वाचन, म्हणजे रंगाच्या गडदपणाचे माप, जितके कमी, तितके थॅलेट जास्त.

याचा एक परिणाम फारच थोडे लोक लक्षात घेतात. विकर निकामी झाले किंवा प्रतिपिंड घालायचेच राहिले, तर सँडविच चाचणी दूषित नमुन्यालाही निर्दोष ठरवते. स्पर्धात्मक चाचणी मात्र स्वच्छ पाण्यालाही दूषित ठरवते. त्यामुळे थॅलेटविरहित पाण्याची खाच प्रत्येक प्लेटवर हवीच, आणि तीच फिकी निघाली तर त्या प्लेटवरून अहवाल लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही पद्धतींच्या खर्चातील आणि वेळेतील फरक किरकोळ आहे. तापी-गिरणेचे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणणे, किंवा फवारणी पंपाच्या मऊ नळीने उपसणे, मला मुळीच मान्य नाही, कारण प्लास्टिकमधलेच थॅलेट पाण्यात उतरू शकते. नमुना काचेच्याच बाटलीत घ्यावा. शिवाय डायब्युटिल थॅलेटचे प्रतिपिंड त्याच्यासारख्या इतर थॅलेटांनाही थोडेफार धरते, म्हणून संशयास्पद नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रसायने वेगळी करून एकेक ओळखणाऱ्या पद्धतीने, पुन्हा तपासून घ्यावा.