स्प्राइट की मिजेट? एका सांगाड्याच्या दोन गाड्या

जाहिरातीत 'ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९६८, कागद हरवलेले, काम बरंच' असं लिहिलं होतं. पुढची जाळी स्प्राइटची होती, डिकीवरचा बिल्लाही स्प्राइटचाच. गाडी ट्रेलरवरून घरी आली, बॉनेट उघडलं, नंबराच्या पत्रीवरचं पन्नास वर्षांचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसलं आणि खालून अक्षरं वर आली : जीएएन४. गाडी एमजी मिजेट होती. विकणाऱ्याने फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. कधीतरी गाडी ठोकली असेल, कुणीतरी हाताशी होती ती जाळी बसवली असेल, आणि मग जाळीला शोभेल असा बिल्ला लावला असेल. इतक्या सहज हे होऊ शकतं, कारण या दोन छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा सांगाडा, इंजिन, दारं, काचा, टप, सगळं एकच आहे. इंग्लंडमध्ये या छंदातली माणसं दोघींना मिळून 'स्प्रिजेट' म्हणतात.

तरीही या दोन गाड्या एक नाहीत. जुनी गाडी उभी करायची असेल किंवा तिच्यात बदल करायचे असतील, तर पैसे मोजण्याआधी दोघींतला फरक समजून घ्यायलाच हवा. हा फरक बिल्ल्यात फारसा नाही, सालात आहे.

स्प्राइट आधी आली. वॉरिकच्या डोनाल्ड हीली यांनी ती आखली, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या मोठ्या कंपनीने पैसा आणि सुटे भाग दिले, आणि ती तयार झाली ॲबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात. २० मे १९५८ रोजी मॉन्टे कार्लोला ती पत्रकारांसमोर आणली गेली. किंमत कर धरून ६६९ पौंड. इतकी स्वस्त स्पोर्ट्स कार करायची तर नवीन काही घडवणं परवडणार नव्हतं, म्हणून इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए३५चं, स्टीअरिंगचा रॅक मॉरिस मायनरचा. इंजिन ९४८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ४३ अश्वशक्ती. दाराला बाहेरून कडी नाही. हात आत घालून दार उघडायचं. डिकीला झाकण नाही. स्टेपनी काढायची तर सीट पुढे पाडून मागे आत शिरायचं. दिवे बॉनेटवर वर आलेले, बेडकाच्या डोळ्यांसारखे. मूळ बेत ते दिवे आडवे पडतील आणि लागतील तेव्हा उठतील असा होता. खर्चासाठी तो सोडावा लागला. म्हणून तिचं नाव पडलं फ्रॉगआय. अमेरिकेत बगआय. अशा सुमारे ४९,००० गाड्या झाल्या, आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही, की या पहिल्या रूपाला मिजेट नावाची जुळी बहीण कधीच नव्हती. कुणी 'फ्रॉगआय मिजेट' विकत असेल तर ती मिजेटवर फायबरचं तोंड बसवलेली गाडी आहे. तशी गाडी चालवायला मजेची असेलही, पण किंमत फ्रॉगआयची देऊ नये.

'मिजेट' हे नाव मात्र स्प्राइटहून जुनं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस एमजीने पहिली एम-टाइप मिजेट काढली, आणि पुढे टीसी, टीडी, टीएफ या लांब बॉनेटच्या, उघड्या चाकांच्या गाड्याही मिजेटच म्हणवल्या. टीएफ १९५५ मध्ये थांबली. त्या गाड्यांचा इथल्या गाडीशी नावापलीकडे संबंध नाही. त्यांची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली असते आणि ती उभी करणं हे निम्मं सुताराचं काम आहे.

१९६१ मध्ये फ्रॉगआयचं तोंड बदललं. दिवे बाजूच्या मडगार्डांत गेले, डिकीला झाकण आलं. पुढचा भाग हीलीकडे आखला गेला, मागचा ॲबिंग्डनला एमजीकडे. हीच गाडी ऑस्टिन-हीलीच्या विक्रेत्यांकडे स्प्राइट मार्क टू म्हणून गेली आणि एमजीच्या विक्रेत्यांकडे, थोड्या जास्त किमतीला, मिजेट म्हणून. एका कंपनीच्या पोटात दोन दुकानं होती आणि दोघांनाही माल हवा होता, एवढंच कारण. मिजेटला पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी आणि बॉनेटच्या मधोमध व बाजूंना चकचकीत पट्टी; स्प्राइटला बारीक चौकटींची जाळी, बाकी अंग साधं. १९६९च्या अखेरीस तर दोघींना एकच काळी जाळी मिळाली आणि ओळखायला फक्त नाव उरलं.

त्यामुळे बिल्ला नव्हे, पत्री वाचायची. एएन५ म्हणजे फ्रॉगआय. एचएएन म्हणजे हीलीची पुढची स्प्राइट, ६ पासून १० पर्यंत. जीएएन म्हणजे मिजेट, १ पासून ६ पर्यंत. १९७१ मध्ये हीलींशी असलेला करार संपला, कंपनीला हीलींना द्यावी लागणारी रॉयल्टी वाचवायची होती, आणि शेवटचे काही महिने गाडी नुसती 'ऑस्टिन स्प्राइट' म्हणून निघाली. त्यांची पत्री एएएन१० ने सुरू होते. अशा गाड्या हजाराच्या जरा वर झाल्या. मग स्प्राइट संपली, मिजेट एकटी १९७९च्या डिसेंबरपर्यंत चालली.

आता सालाकडे येऊ, कारण रिंच हातात घेतल्यावर तेच कामाला येतं. १९६४ पर्यंतच्या दोन्ही गाड्यांना मागे पाव-कमानीचे पाटे आहेत : ट्रकखाली दिसतो तो पाटा मधोमध कापला तर उरेल तेवढा, एक टोक बॉडीत घट्ट अडकवलेलं आणि दुसरं ॲक्सलला. १९६४ पासून अर्ध-कमानीचे पूर्ण पाटे आले, सोबत फिरवून खाली जाणाऱ्या काचा आणि दाराला बाहेरून कडी. इंजिन १९६२च्या अखेरीस १०९८ सीसी झालं आणि पुढे डिस्क ब्रेक आले. १९६६ मध्ये १२७५ सीसी, ६५ अश्वशक्ती. मिनी कूपर एसमध्ये याच मापाचं इंजिन ७६ अश्वशक्ती देत होतं. स्प्रिजेटला त्याची सौम्य आवृत्ती मिळाली. म्हणून 'मिजेट घेऊ की स्प्राइट' हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी उलट विचारतो, '६४च्या आधीची की नंतरची?'

१९७४च्या अखेरीस मिजेट ओळखू येईनाशी झाली. अमेरिकेच्या नियमांसाठी जाड काळे रबरी बंपर आले, गाडी उंच केली गेली, आणि १४९३ सीसीचं ट्रायम्फचं इंजिन बसलं. एमजीवाल्यांना हे फार लागलं. ट्रायम्फ इतकी वर्षं समोरच्या दुकानातली गाडी होती. पण १९६८ नंतर दोन्ही नावं ब्रिटिश लेलँड या एकाच छपराखाली होती. इथे मराठी वाचकाला एक जवळचा धागा सापडेल. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स जी स्टँडर्ड हेरल्ड बनवत होती, तिचं ९४८ सीसीचं इंजिन याच स्टँडर्ड-ट्रायम्फ घराण्यातलं. म्हणजे रबरी बंपरची मिजेट आणि ज्यांच्या वडिलांकडे हेरल्ड होती त्यांची गाडी, नात्यातल्या आहेत. आणि फ्रॉगआयचं ९४८? ते वेगळं घराणं. बीएमसीचं ए-सिरीज इंजिन ८०३ सीसीपासून ९४८ पर्यंत वाढलं, आणि स्टँडर्डचंही ८०३ पासून ९४८ पर्यंतच. आकडे तेच, पण एकाचा बोल्टही दुसऱ्याला नाही. हेरल्डची गॅस्केट फ्रॉगआयला बसेल या आशेने मद्रासहून भाग मागवू नयेत.

आता कामाचं. 'रीस्टोर केलेली' आणि 'मॉडिफाय केलेली' हे शब्दही या बाजारात स्प्राइट-मिजेटसारखेच एकमेकांत मिसळतात. रीस्टोर म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे परत नेणं. मॉडिफाय म्हणजे आज रस्त्यावर जशी हवी तशी करणं. माझं मत स्पष्ट आहे : फ्रॉगआय मूळ रूपात ठेवावी, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली मिजेट बदल करायला घ्यावी. एकीची संख्या थोडी आणि साधेपणा हाच तिचा जीव. मिजेटच्या सगळी सालं धरून सव्वादोन लाखांच्या आसपास गाड्या झाल्या आणि तिला बदल पचतो.

दोन्हींत पहिला शत्रू गंज, आणि तो कुठे लपतो हे महत्त्वाचं. या गाड्यांना वेगळा चॅसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. दाराखालची पोकळ तुळई, जिला इंग्लंडमध्ये सिल म्हणतात, ती सडली की वरून टप नसलेली गाडी मधे वाकते. ओळखायची खूण सोपी : दार उघडून हलकेच लावून पहा. दाराची मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा दार कडीवर घासत असेल, तर गाडी वाकली आहे. अशा गाडीवर नुसता नवा सिल चढवला तर तो वाक कायमचा होतो. आधी दाराच्या चौकटीत पोलादी नळ्या वेल्ड करून फट बरोबर करायची, गाडी चारही बाजूंनी समतल टेकवायची, मग एका वेळी एकाच बाजूचा सिल कापायचा. आतली पट्टी आधी, बाहेरचा पत्रा नंतर, आणि प्रत्येक टप्प्यावर दार बसवून पाहायचं. मी माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला तीन शनिवार-रविवार दिले आणि दार बावीस वेळा तरी चढवलं-उतरवलं. बिजागरीच्या खांबाचा तळ, पाय ठेवायची फरशी, जॅक लावायची जागा, हेही तपासावं. १९६४च्या आधीच्या गाडीत आणखी एक जागा : सीटच्या मागे, पाव-कमानीचा पाटा जिथे बॉडीत शिरतो ती पेटी. मागच्या ॲक्सलचा सगळा जोर तिथे येतो. ती पेटी सडलेली फ्रॉगआय बाहेरून कितीही चमकत असली तरी हात लावू नये, किंवा मग तेवढ्याच तयारीने घ्यावी.

काहींच्या बॉडीत वाचवण्यासारखं काही उरत नाही. ऑक्सफर्डशरमधल्या विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर मिजेटची पूर्ण बॉडी बनवते. हा आधार मिजेटवाल्यांच्या वाट्याला जास्त आला आहे. मूळ रंग आणि इंजिनाचा क्रमांक हवा असेल तर गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदवह्यांतून दाखला काढून देतं. रंग लावण्याआधी तो दाखला मागवावा. माझी गाडी लाल होती, नोंदवहीने सांगितलं की ती निघाली तेव्हा पांढरी होती.

बदलांचं म्हणाल तर काही बदल आता बदल राहिलेलेच नाहीत. २००० सालापासून इंग्लंडमध्ये शिशाचं पेट्रोल बंद आहे. शिशाविना वॉल्व्हच्या जुन्या सीट झिजतात, म्हणून इंजिनाचं हेड उघडलंच तर एक्झॉस्ट वॉल्व्हखाली कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. २०२१ पासून पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल येऊ लागलं, तेव्हा जुनी रबरी पेट्रोल नळी काढून इथेनॉल सोसणारी लावावी. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपणारा, परत काढता येणारा बदल. मी तो कुणालाही सुचवेन. खरा मोठा बदल गिअरबॉक्सचा. १९७४ पर्यंतच्या मूळ चार गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रचना) नाही, आणि ताशी ७० मैलांना इंजिन चार हजारांच्या वर फिरतं. फोर्ड सिएराची पाच गिअरची टाइप ९ पेटी बसवायचे किट मिळतात. पाचव्यात इंजिनाचे फेरे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरतात आणि दोन तासांच्या प्रवासानंतर बोलताना कान बसलेले नसतात. मधला पत्रा न कापता बसणारंच किट घ्यावं, आणि जुनी पेटी तेल लावून फळीवर ठेवावी. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर वाट मोकळी राहते.

जुन्या काळातला बदल हा वेगळा प्रकार. साठच्या दशकात स्पीडवेलसारखी दुकानं स्प्राइटची इंजिनं सुधारत होती, रेसर ग्रॅहम हिल त्या कंपनीत होते. १९५९ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगच्या शर्यतीत स्प्राइट गाड्यांनी आपल्या गटात पहिले तीन क्रमांक मिळवले. त्या काळातला सुटा भाग तुमच्या गाडीवर खरोखर तेव्हापासून असेल तर तो काढून 'मूळ' करू नका. तोही तिचा इतिहास आहे.

कायद्याचं एवढंच : इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला २० मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मोठा मूलभूत बदल केलेला नसेल तरच. मी तरीही दर वर्षी तपासून घेतो. पुढचे किंगपिन, म्हणजे चाकं ज्यांवर वळतात ते खुंटे, दर हजार मैलांना ग्रीस मागतात, आणि ते झिजलेत का हे दुसऱ्याच्या डोळ्यांना लवकर दिसतं.

माझ्या जीएएन४ला आता उभ्या पट्ट्यांची जाळी आहे, जुन्या भागांच्या बाजारात चिखलात सापडलेली, दोन पट्ट्या वाकलेल्या. रंग परत पांढरा. स्प्राइटची जाळी वर्षभर गॅरेजच्या खिळ्यावर होती. मग शेजारच्या गावात एकाची एचएएन९ उभी राहत होती, पुढे मोकळं भोक घेऊन, आणि ती जाळी तिकडे गेली.